तीरासिल दांगदा: एका थाई स्ट्रायकरची कारकीर्द नेमकी कशी घडते

6 जानेवारी 2019, अबुधाबी. आशियाई चषकात भारत विरुद्ध थायलंड. 27व्या मिनिटाला सुनील छेत्रीने पेनल्टीवर गोल केला. सहाच मिनिटांनी फ्री किकवर आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात घालून थायलंडच्या दहा नंबरने बरोबरी साधली. पुढचं आपल्याला पाठ आहे: मध्यंतरानंतर लगेच छेत्रीचा दुसरा गोल, मग अनिरुद्ध थापा, मग जेजे, आणि 4-1. आशियाई चषकात 1964नंतर भारताचा तो पहिला विजय होता. थायलंडचे प्रशिक्षक मिलोव्हान राजेवाच यांची दुसऱ्याच दिवशी गच्छंती झाली.

त्या रात्री आपल्याकडे कौतुक छेत्रीचं झालं आणि ते रास्तच होतं. पण तो दहा नंबर, तीरासिल दांगदा, हाही तितकाच बघण्यासारखा माणूस आहे. थायलंडसाठी 60हून अधिक गोल. आग्नेय आशियाई देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजे एएफएफ चषकात, आजवरचे सर्वाधिक गोल. स्पेनच्या ला लिगामध्ये खेळलेला पहिला थाई. तरीही युरोपात तो एक हंगामसुद्धा पुरा टिकला नाही. ‘तेवढी गुणवत्ता नव्हती’ असं म्हणून विषय संपवता येतो, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण फुटबॉलपटू कुठे खेळणार हे ठरवण्यात त्याच्या पायांइतकाच वाटा परवाने, परदेशी खेळाडूंच्या जागा, स्पर्धांच्या तारखा आणि क्लबमालकांच्या खिशाचा असतो. तीरासिलच्या कारकिर्दीत हे चारही मुद्दे एकेक करून समोर येतात, म्हणून ती उलगडून बघू.

जन्म 1988चा. घरात फुटबॉल होताच: वडील थाई हवाई दलाच्या संघाकडून खेळलेले, बहीण तानीकार्न पुढे थायलंडच्या महिला संघात. 2007मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो वरिष्ठ राष्ट्रीय संघात आला. आणि त्याच वर्षी त्याच्या आयुष्यात शिरलं थायलंडचं राजकारण.

माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात यांची सत्ता 2006च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने उलथवली होती. परदेशात राहून त्यांनी 2007च्या उन्हाळ्यात मँचेस्टर सिटी हा क्लब विकत घेतला. ही आजची, करंडकांची रास लावणारी सिटी नव्हे, गुणतक्त्याच्या मध्यावर रेंगाळणारी सिटी. त्या वर्षअखेरीस क्लबने तीन थाई खेळाडूंना करारबद्ध केलं: सुरी सुखा, कियातप्रावुत साइवेओ आणि तीरासिल. थायलंडमध्ये डिसेंबरात निवडणुका होत्या आणि थाकसिन समर्थकांचा पक्ष मैदानात होता. या करारांमागे फुटबॉल किती आणि प्रचार किती, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. मला विचाराल तर दोन्ही होतं, पण फुटबॉलचं पारडं हलकं होतं.

मात्र करार झाला म्हणजे खेळता येतं असं नाही. ब्रिटनमध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूला वर्क परमिट लागायचं आणि त्याच्या अटी कडक होत्या. त्याच्या देशाचा संघ फिफा क्रमवारीत साधारणपणे पहिल्या 70मध्ये हवा, आणि मागच्या दोन वर्षांत देशाच्या अधिकृत सामन्यांपैकी निदान 75 टक्के सामने त्या खेळाडूने खेळलेले हवेत. थायलंड 70च्या बराच बाहेर होता. म्हणजे तीरासिलने सरावात रोज गोल केले असते तरी प्रीमियर लीगचं मैदान त्याला बंदच होतं. अपवादासाठी दाद मागता येत असे, पण एकोणीस वर्षांच्या पोराजवळ दाखवायला असणार तरी काय?

ही अट आपल्याही ओळखीची आहे. 2009मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने छेत्रीला करारबद्ध केलं होतं. भारत 70च्या बाहेर, म्हणून परवाना नाकारला गेला आणि तो करार कागदावरच राहिला. एकाच पिढीतले दोन आशियाई स्ट्रायकर एकाच नियमाला अडले. नियमाचा हेतू वाईट नव्हता. स्थानिक खेळाडूंच्या जागा राखायच्या आणि बाहेरून फक्त अव्वल माणसं घ्यायची. पण खेळाडूचं माप त्याच्या देशावरून काढायचं, ही त्यातली गोम. दुबळ्या देशातला चांगला खेळाडू त्यात कायम मार खातो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने गुणांची पद्धत आणली. तिच्यात खेळाडू कोणत्या लीगमध्ये, किती मिनिटं खेळला हेही धरलं जातं, पण देशाची क्रमवारी अजूनही हिशेबात असतेच.

मग सिटीने काय केलं? या तिघांना लोनवर पाठवलं. कर्जाऊ दिलेला खेळाडू करारान्वये मूळ क्लबचाच राहतो, ठरलेल्या मुदतीपुरता दुसरीकडे खेळतो आणि पगाराचा भार दोन्ही क्लब आपसांत ठरवून वाटून घेतात. तरुण खेळाडूला सामने मिळावेत हा त्याचा चांगला उपयोग. जो खेळाडू आपल्याला वापरताच येत नाही त्याला कुठेतरी ठेवून देणं हा दुसरा. तीरासिल आणि सुरी झुरिकच्या ग्रासहॉपरकडे गेले, कियातप्रावुत बेल्जियमच्या क्लब ब्रुगकडे. स्वित्झर्लंडमध्ये तीरासिल मुख्यतः दुय्यम संघातच राहिला. 2008च्या सप्टेंबरमध्ये थाकसिननी सिटी अबुधाबीच्या मालकांना विकली. ज्याच्यामुळे दार किलकिलं झालं होतं तोच माणूस निघून गेला, आणि तीरासिल बँकॉककडे परतला.

परतला, आणि नशीब बघा, नेमका योग्य वेळी. तोवर थायलंडमधले बहुतेक मोठे क्लब हे बँकांचे, लष्कराचे, पोलिसांचे, सरकारी खात्यांचे संघ होते. म्हणजे आपल्याकडे एकेकाळी महिंद्र किंवा एअर इंडिया असायचे तसे: नोकरीची हमी, पण स्टेडियम रिकामं. आशियाई महासंघाने व्यावसायिक क्लबांसाठी अटी घातल्या, क्लबांना कंपनी म्हणून नोंदणी करावी लागली आणि 2009च्या आसपास चित्र पालटलं. बँकेचा संघ बिअर आणि काचेच्या व्यवसायातल्या घराण्याकडे गेला. वीज मंडळाचा संघ राजकारणी नेविन चिडचोब यांनी घेतला आणि थेट बुरीराम प्रांतात हलवला. आजचा बुरीराम युनायटेड तो हाच. गावोगावच्या लोकांना ‘आपला’ म्हणावा असा संघ मिळाला, दूरचित्रवाणीचे पैसे आले, मैदानं भरू लागली.

या लाटेवर सगळ्यात आधी स्वार झाला तो बँकॉकशेजारच्या नोंथाबुरीचा मुआंगथोंग युनायटेड. 2007मध्ये तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद, 2008मध्ये दुसऱ्या, 2009मध्ये थेट पहिल्या श्रेणीचं. तीरासिल या संघाचा कणा झाला. 2010मध्ये पुन्हा विजेतेपद. 2011मध्ये लिव्हरपूलचा जुना दादा स्ट्रायकर रॉबी फाउलर तिथे खेळायला आला आणि काही काळ प्रशिक्षकही झाला. (हाच फाउलर 2020मध्ये ईस्ट बंगालचा प्रशिक्षक म्हणून आपल्याकडे दिसला.) 2012मध्ये स्लाविशा योकानोविच यांच्या हाताखाली मुआंगथोंगने अख्खा हंगाम एकही सामना न हरता जिंकला आणि तीरासिलने 24 गोल केले. तेवढेच गोल बेक टेरो या थाई क्लबच्या एका ब्राझिलियनने केले होते. त्याचं नाव क्लेटन सिल्वा. इंडियन सुपर लीग बघणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. तो आधी बेंगळुरू एफसीकडून खेळला, मग ईस्ट बंगालकडून त्याने 2022-23च्या हंगामात 12 गोल मारले.

क्लेटनचं नाव ओघात आलं खरं, पण आता तोच मुद्दा आहे. पैसा आला की लीग सर्वात आधी काय विकत घेते? गोल. आणि गोल करणारा तयार माणूस ब्राझील, आफ्रिका किंवा बाल्कन देशांतून आणणं हे स्थानिक पोरगा दहा वर्षं घडवण्यापेक्षा सोपं असतं. प्रत्येक लीग परदेशी खेळाडूंची संख्या ठरवून देते, आणि क्लब त्या मोजक्या जागा बहुतेक वेळा आक्रमणातच खर्च करतात. बचावात, बगलेवर, गोलरक्षणात स्थानिक चालतात. नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, मात्र बाहेरचा. थाई लीगचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू बघा: 2014 हेबेर्ती, 2015 दियोगो, 2016 क्लेटन, 2017 द्रागान बोश्कोविच (38 गोल!), 2018 पुन्हा दियोगो. 2012च्या तीरासिलनंतर या यादीत अव्वल स्थानी थाई नाव यायला 2022-23चा हंगाम उजाडला, बुरीरामच्या सुपाचाई चाइदेदच्या रूपाने. मधले नऊ हंगाम सलग परदेशी. छेत्रीनंतर कोण, हा आपल्याकडे दर सामन्यानंतर निघणारा प्रश्न याच जमिनीतून उगवतो.

म्हणून स्ट्रायकर असणं ही आशियाई फुटबॉलमधली सगळ्यात अवघड नोकरी आहे, असं माझं मत. घरच्या लीगमध्ये स्पर्धा जगाशी, आणि परदेशात गेलात तर तिथे तुम्हीच परके.

तीरासिलने एक वाट काढली, आणि ती त्याच्या खेळात दिसते. तो निव्वळ गोलपोस्टसमोर घुटमळणारा नाही. उंची चांगली, हेडर उत्तम, पण तो मागे उतरतो, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू रोखून धरतो, धावत येणाऱ्या सहकाऱ्याला पास देतो आणि मग उशिरा गोलसमोरच्या पेटीत शिरतो. त्यामुळे मुआंगथोंगने परदेशी स्ट्रायकर आणला तरी तीरासिलला बाकावर बसवावं लागलं नाही. त्याच्या जोडीने खेळवता आलं. 2016मध्ये तर एके काळचा प्रतिस्पर्धी क्लेटन त्याच संघात होता आणि संघ विजेता ठरला.

आता स्पेन. 2014मध्ये अल्मेरियाने त्याला एका हंगामासाठी लोनवर घेतलं. ला लिगामध्ये युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू ठेवता येतात. त्यातली एक जागा थायलंडच्या माणसाला देणं म्हणजे क्लबने कसला तरी विचार केला होता. त्यात खेळ होता आणि बाजारही. थाई प्रेक्षक, थाई प्रायोजक, रातोरात वाढणारे चाहते. असल्या सौद्यात खेळाडूची पंचाईत होते. तो चांगला असला तरी ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याकडे ‘जाहिरातीसाठी आलेला’ म्हणून बघितलं जाण्याची भीती असते, आणि ते खोडून काढायला मिनिटं लागतात. मिनिटंच मिळत नाहीत. अल्मेरिया तळाशी धडपडत होता, आणि संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या भीतीत असलेला प्रशिक्षक प्रयोग करत नाही. तीरासिल लीगमध्ये काही वेळा बदली खेळाडू म्हणून उतरला, डिसेंबरात कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेत रिअल बेटिसविरुद्ध त्याने गोलही केला. त्याच महिन्यात प्रशिक्षक बदलले. 2015च्या सुरुवातीला करार मुदतीआधीच संपवून तो मुआंगथोंगला परतला. हंगामाअखेर अल्मेरियाही खालच्या श्रेणीत गेला.

आता तारखांचा घोळ. एएफएफ चषक बहुतेक वेळा नोव्हेंबर-डिसेंबर किंवा डिसेंबर-जानेवारीत होतो, आणि तो फिफाच्या ठरलेल्या आंतरराष्ट्रीय खिडक्यांच्या बाहेर असतो. फिफा वर्षातले काही आठवडे राखून ठेवते. त्या दिवसांत क्लबला खेळाडू देशासाठी सोडावाच लागतो. त्याबाहेर सोडायचा की नाही ही क्लबची मर्जी. युरोपातला हंगाम डिसेंबरात ऐन भरात असतो, मग कोण सोडणार?

तीरासिलने 2008च्या एएफएफ चषकात संयुक्तपणे सर्वाधिक गोल केले. अंतिम फेरीत थायलंड व्हिएतनामकडून हरला. 2012मध्ये पुन्हा सर्वाधिक गोल. अंतिम फेरीत सिंगापूरकडून हार. आणि 2014मध्ये, तो अल्मेरियाच्या राखीव बाकावर असताना, प्रशिक्षक कियातिसुक सेनामुआंगच्या तरुण संघाने मलेशियाला हरवून बारा वर्षांनी चषक घरी आणला. इवलासा चानातिप सोंगक्रासिन त्या स्पर्धेत हिरो झाला. सहा वर्षं ज्या करंडकासाठी झिजला, तो नेमका आपण नसताना देशाने जिंकावा, यासारखी चुटपुट नसेल. त्याची वेळ 2016ला आली: सहा गोल, सर्वाधिक, आणि इंडोनेशियाला नमवून विजेतेपदही. पुढे 2020 आणि 2022च्या स्पर्धाही थायलंडने जिंकल्या. 2020च्या स्पर्धेत त्याने सिंगापूरच्या नूह आलम शाहचा 17 गोलांचा विक्रम मागे टाकला. 2022ची स्पर्धा 2023च्या जानेवारीत संपली तेव्हा तो 34 वर्षांचा होता आणि पुन्हा सहा गोलांसह संयुक्त अव्वल.

या कियातिसुकचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. ‘झिको’ म्हणून ओळखला जाणारा हा माणूस थायलंडचा सर्वाधिक गोल करणारा, 70च्या वर. 1999मध्ये तो इंग्लंडच्या हडर्सफील्डला गेला आणि पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता परतला. मग सिंगापूर आणि व्हिएतनाममध्ये खेळला. तीरासिलच्या आधीच्या पिढीतही गोष्ट तीच होती.

एएफएफमधले गोल किती खरे मानायचे, असा प्रश्न येतो. त्यात दुबळ्या संघांविरुद्धचे गोल आहेत, हे मान्य करायला हवं. म्हणून दुसरा एक सामना बघू. 15 नोव्हेंबर 2016, बँकॉकचं राजमंगला स्टेडियम, विश्वचषक पात्रतेची अंतिम फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. राजे भूमिबोल यांचं निधन होऊन जेमतेम महिना झाला होता. देश दुखवट्यात, प्रेक्षक काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, एरवीचे ढोल-ताशे बंद. तीरासिलने दोन गोल केले, त्यातला दुसरा पेनल्टीवर. ऑस्ट्रेलियाला मिळालेल्या दोन्ही पेनल्टी येदिनाकने घातल्या आणि सामना 2-2 सुटला. त्या फेरीत दहा सामन्यांतून थायलंडला मिळाले दोनच गुण, त्यातला एक हा. आशियाई विजेत्या संघाला मोकळ्या खेळात गोल करता आला नाही, थायलंडच्या स्ट्रायकरने मात्र केला. माझ्या लेखी त्याच्या गोलांमध्ये हे दोन सर्वांत वजनदार.

युरोप जमलं नाही ते जपानमध्ये बऱ्यापैकी जमलं, आणि त्यामागेही नियमच आहे. जपानच्या जे लीगने 2012पासून आग्नेय आशियातल्या लीगशी भागीदारीचे करार केले, त्यात थायलंड पहिल्या काहींत. पुढे अशा भागीदार देशांच्या खेळाडूंना परदेशी खेळाडूंच्या मर्यादेतून वगळण्यात आलं. म्हणजे थाई खेळाडू घेतला तर ब्राझिलियनची जागा खर्ची पडत नाही. हिशेब दोघांच्याही सोयीचा: क्लबला खेळाडू आणि थाई बाजार, खेळाडूला आशियातली सर्वोत्तम लीग. 2017मध्ये चानातिप सापोरोला गेला. 2018मध्ये तीरासिल सानफ्रेचे हिरोशिमाकडे लोनवर, आणि डावखुरा बचावपटू तीरातोन बुनमातान व्हिसेल कोबेकडे.

हंगामाच्या पहिल्याच सामन्यात हिरोशिमाची गाठ सापोरोशी, म्हणजे चानातिपच्याच संघाशी पडली. हिरोशिमा 1-0 जिंकला, गोल तीरासिलचा. त्या हंगामात लीगमध्ये त्याने 6 गोल केले, संघ दुसरा आला. संघाचा मुख्य गोलवीर मात्र ब्राझीलचा पात्रिक होता, 20 गोलांसह. तीरासिल तिथे आधाराच्या भूमिकेत होता आणि ती त्याने नीट निभावली. 2020मध्ये तो शिमिझू एस-पल्सकडे गेला. संघ तळाच्या भागात, करोनाने विस्कटलेला हंगाम, गोल मोजके. त्यानंतर तो थायलंडला परतला तो बीजी पथुम युनायटेडकडे, आणि त्या क्लबने 2020-21ची लीग जिंकली. काचवाल्यांनी घेतलेला तो बँकेचा जुना संघ हाच, नाव बदललेला.

युरोपात नाव न कमावता परतलेल्या आशियाई खेळाडूला ‘अपयशी’ म्हणायची सवय आपल्याला आहे. पण तीरासिल परतला ती लीग त्याला मान देणारी, भरल्या मैदानात खेळवणारी आणि व्यवस्थित पगार देणारी होती. बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीत बाकावर बसण्यापेक्षा नोंथाबुरीत दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळणं स्ट्रायकरसाठी केव्हाही बरं. याची दुसरी बाजूही आहे. घरची लीग जितकी आरामाची, तितकं बाहेर टिकून झगडायचं कारण कमी होतं. जपानी खेळाडू युरोपातल्या लहान क्लबांत, कमी पैशांत, वर्षानुवर्षं घासत राहिले, तेव्हा आजचा जपान झाला. थाई खेळाडूंनी तो हिशेब क्वचितच केला.

त्यानंतरच्या पिढीतला बुरीरामचा स्ट्रायकर सुपानात मुएंता 2023मध्ये बेल्जियमच्या ओएच ल्यूव्हनकडे लोनवर गेला. त्याच्या आधी गोलरक्षक कावीनही तिथेच गेला होता. हा क्लब 2017पासून थायलंडच्या किंग पॉवर या कंपनीच्या मालकीचा आहे.